बानेटआईची आंघोळ

जुन्या मोटारी बघायला दोन-तीन दिवस घालवणाऱ्या माणसाला मी आजवर बिनकामाचा समजत आले. असा एक माणूस आमच्याच घरात आहे आणि त्याच्याशी मी सदतीस वर्षं संसार केलाय, तेव्हा हे मत ऐकीव नाही. तरीही गेल्या महिन्यात मी आपण होऊन कोयनेच्या वाटेवरचं विलायती मोटारींचं संग्रहालय बघून आले. तिथं अनवाणी उभी राहिले, रांगेत कोपरं खाल्ली, आणि आल्यापासून जो भेटेल त्याला सांगत सुटलेय. शेजारच्या वहिनी हल्ली मला जिन्यात बघितलं की परत वर जातात. म्हणून आता लिहूनच काढते.

याला कारण माझी गोदाआत्या. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, पंच्याहत्तरी ओलांडलेली, आटपाडीजवळच्या एका गावात राहते. तिचे यजमान म्हणजे आमचे शंकरमामा गेल्या वर्षी गेले. मामा आधी फौजेच्या वर्कशॉपमध्ये ओतकाम करायचे. तिथून सुटून आल्यावर विट्याला त्यांनी छोटी ओतशाळा टाकली आणि जन्मभर विहिरीवरच्या पंपांचे सुटे भाग ओतले. पण एकदा म्हणे त्यांच्याकडे एका छोट्या संस्थानचा कारभारी आला. सरकारांच्या विलायती गाडीच्या बॉनेटवर एक पितळी बाई असायची, ती कुणीतरी उपटून नेली होती. फोटोवरून तशीच दुसरी करून हवी होती. फोटोत उडायला निघालेल्या बाईचं अंग दिसत होतं, पुढं झुकलेली मान दिसत होती, चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता डाग. मग मामांनी काय करावं? आत्याचा चेहरा बसवला! हनुवटीवरच्या गोंदणाच्या तीन ठिपक्यांसकट. लहानपणी गोंदताना आत्यानं मान हलवली होती, त्यामुळे तिसरा ठिपका जरा बाजूला सरकलाय. तोही तसाच सरकलेला काढला, असं मामा सांगायचे.

हे मामांनी प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात आणि दोन-तीन तेराव्यांतही सांगितलं. आणि दर वेळी आत्या सगळ्यांदेखत म्हणायची, "ऐकू नगा. थापा मारत्यात." लोक हसायचे, मामाही हसायचे. "चल, दाखवतो," म्हणायची सोय नव्हती, कारण संस्थानची ती गाडी विकली गेली होती आणि पुढं कुठं गेली ते कुणालाच माहीत नव्हतं. मामा गेले तेही थापाड्या म्हणूनच गेले.

मग एके दिवशी आमच्या ह्यांनी आत्याला फोनवर एक व्हिडिओ पाठवला. ह्यांना मोटारीचं काहीही दिसलं की ते सगळ्या नातेवाइकांना पाठवतात. त्यात एक काळी लांबलचक गाडी होती आणि बॉनेटवर पिवळं पिवळं काहीतरी. दुसऱ्या मिनिटाला आत्याचा फोन.

"सुमे, मला त्या गाडीपाशी न्हे."

"आत्या, अशा गाड्या छप्पन असतात."

"असू द्यात. बगून येऊ. माजं त्वांड नसंल, तर पन्नास वर्सं मी खरं बोलले एवढं तरी कळंल." मग जरा थांबून म्हणाली, "आन असलं तर मातर माजं अवघड हाय गं."

 मंगळवारी संध्याकाळी बॅगा भरल्या.

सातारा ते आटपाडी, औंधमार्गे

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी आयुष्यातली पहिली नवी गाडी घेतली. घेतली म्हणजे आणून दारात उभी केली. सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे. वेग चाळीसच्या वर जात नाही. पुढं लिंबू-मिरची, मागं "आईचा आशीर्वाद", आत आरशाला यमाईचा फोटो, इतका बंदोबस्त केल्यावर खरं तर सत्तरनं जायला हरकत नसावी. पण हे म्हणतात, "अगं, इंजिन अजून बसायचंय." दोन वर्षं झाली. ते इंजिन कधी बसणार देवाला ठाऊक, माझी कंबर मात्र बसली.

औंधला थांबलो. यमाईचं दर्शन मीही मनापासून घेतलं. ह्यांनी मात्र गाभाऱ्यातलं कुंकू पुडीत बांधून खाली आणलं आणि आधी गाडीला लावलं, मग मला. वर मला म्हणाले, "राग मानू नकोस, तुझी वॉरंटी संपलीय." सदतीस वर्षांत असले विनोद मी किती पचवलेत त्याची मोजदाद नाही.

डोंगराच्या कुशीतलं औंधचं संग्रहालयही पाहिलं. एका राजानं आवडीनं चित्रं, मूर्ती जमवल्या, लोकांसाठी ठेवल्या आणि स्वतः बाजूला झाला. तिथली शांतता मला फार आवडली. पुढं जे बघायचं होतं त्याच्याआधी हे बघितलं, हे एक बरं झालं.

आटपाडीच्या बाजूला आपल्याकडची हिरवळ संपते आणि माणसं जास्त बोलायला लागतात. आत्यानं दुपारी बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि हुलग्याचं माडगं केलं होतं. माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाचं गरम गरम पातळ पेय. साताऱ्यात कुणाला वाढलं तर तो आधी विचारेल की मला काय झालंय. पण तिथं पाहुण्याला वाटीवर वाटी घालतात. हे तीन वाट्या प्यायले. शिवाय शेजारणीनं पिशवीभर डाळिंबं दिली. म्हणाली, "गाडीच्या देवीला वाहा."

"देवी कुठली? संग्रहालय आहे ते," मी म्हटलं.

"व्हय व्हय, त्येच. लायसनची देवी."

मला काही कळलं नाही. रात्री आत्या पिशवी भरत होती, तिनं चिंचेचा मोठा गोळा फडक्यात बांधून घेतला.

"हे कशाला?"

"पितळंची बाई हाय न्हवं? काळी पडली असंल. ह्या मोटारवाल्यांना घासायचं काय कळतंय!"

विटा, कऱ्हाड आणि प्लॅस्टिक

गुरुवारी सकाळी निघालो. विट्यात मामांची ओतशाळा होती तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात. आत्यानं काच खाली करून एकदा बघितलं आणि काच वर केली.

कऱ्हाडला वडा खाल्ला. कऱ्हाड सोडून पाटणच्या वळणांना लागलो आणि प्रवासातला पहिला अपघात घडला. आत्या मागच्या सीटवर बसली होती, अंगावर नवं इरकली लुगडं. खाली गुळगुळीत प्लॅस्टिक. गाडी डावीकडे वळली की आत्या उजव्या दाराशी, उजवीकडे वळली की डाव्या दाराशी. पाचव्या वळणावर डाळिंबं सुटली आणि आत्याच्या बरोबर तीही इकडून तिकडे पळायला लागली.

"आवं पाव्हणं! थांबवा!"

ह्यांनी गाडी थांबवली. आत्यानं खाली उतरून, एक पाय दारात रोवून सीटवरचं प्लॅस्टिक टरटरा फाडून काढलं. "नवी नवरी हाय व्हय ही? दोन-दोन वर्सं पदर न्हाई काडायचा?" असं म्हणून ती आत बसली. आमच्या ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्या संसारात मला जे जमलं नाही ते आत्यानं पाव मिनिटात केलं. मी तोंड खिडकीबाहेर काढून मनसोक्त हसले.

संग्रहालय, गुरुवार

कोयनानगरच्या अलीकडे एका टेकाडावर ते संग्रहालय आहे. ज्यांनी उभारलं त्या दादासाहेबांचं नाव मी इथं घेत नाही, कारण ते तिथं पुष्कळ वेळा घेऊन झालेलं आहे. कमानीवर दादासाहेब, तिकीटखिडकीवर दादासाहेब, पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर हात जोडून दादासाहेब. शेजारीच त्यांचं मंगल कार्यालय. त्यामुळे एका बाजूला 'प्रदर्शित वस्तूंना हात लावू नये' अशी पाटी, आणि तिच्या खालीच एक नवरदेव सरकारांच्या गाडीच्या मडगार्डवर आडवा होऊन फोटो काढून घेत होता.

दारातच चपला काढायच्या. पहाऱ्यावर निवृत्त सुभेदार होते, मिश्या अजून नोकरीत असलेल्या. मी विचारलं, "देऊळ आहे का हे? चपला कशाला?"

"आवं बाई, पयल्या दिशी लोकांनी चकचकीत फरशी बघून आपसूक चपला काडल्या. मंग म्हनले, ठिवायच्या कुटं? म्हनून ष्टँड केला. ष्टँड हाय म्हनल्यावर पाटी लावली. आता कोन घालून आत गेला तर आमाला काय कराय लागत न्हाई, लोकच बगून घेत्यात."

आत चौदा गाड्या. काय त्या गाड्या! खोटं कशाला बोलू, डोळे दिपले. आरशासारखा काळा रंग, चांदीच्या राखदाण्या, पायाखाली मखमल, मागं बसलेल्या सरकारांनी पुढच्या ड्रायव्हरशी बोलायची वेगळी नळी. नळी दाखवून हे म्हणाले, "हे छान आहे. एकाच बाजूनं बोलता येतं." मी म्हटलं, "आपल्याकडे कधीपासून आहे की. फक्त मी मागं बसते."

चौदाही पाट्यांवर शेवटचं वाक्य एकच, 'सरकार या गाडीतून शिकारीला जात असत.' एक गुलाबी पडद्यांची राणीसाहेबांची गाडी होती, तिच्यावरही तेच. एवढ्या गाड्या शिकारीला गेल्यावर सह्याद्रीत वाघ शिल्लक राहिले याचं मला आश्चर्य वाटलं. शिवाय प्रत्येक गाडीला झेंडूचा हार, प्रत्येक चाकाखाली लिंबू. एका शंभर वर्षांच्या विलायती गाडीच्या काचेवर 'दादासाहेबांची कृपा' असं रेडियममध्ये चिकटवलेलं. आणि चौदाही गाड्यांच्या पुढच्या पत्र्याला एकेक पोचा. दर दसऱ्याला नारळ फोडतात तो नेमका तिथंच आपटतात.

चौदाव्या गाडीपाशी मात्र रांग. एकाच्या हातात ट्रॅक्टरची किल्ली, एकाच्या हातात शाळेच्या बसची, दोन पोरी लर्निंग लायसनचा कागद घेऊन, एक जेसीबीवाला सबंध कुटुंबासह. जो तो पुढं जाऊन किल्ली बॉनेटवर टेकवायचा, डोळे मिटायचा, आणि म्हणायचा, "बानेटआई, सांभाळ गं."

ही बानेटआई कशी झाली ते सुभेदारांनीच सांगितलं. उद्घाटनाला दादासाहेब या गाडीतून येणार होते आणि गाडी सुरू होईना. मेकॅनिक खाली घुसला. मंडप ताटकळला. तेव्हा सुभेदारांच्या बायकोनं बॉनेटवरच्या बाईला हळदकुंकू वाहिलं, खण ठेवला आणि हात जोडले. गाडी धडधडली!

"आणि मेकॅनिक?" ह्यांनी विचारलं.

"त्यो म्हनला, ब्याटरीची वायर सुटली हुती, म्या जोडली. पर त्येचं कोन ऐकतंय? त्यो गाडीखाली हुता, दिसतच नव्हता."

आमची पाळी आली. बानेटआईला इवलंसं हिरवं लुगडं नेसवलेलं, नाकाच्या अंदाजानं नथ अडकवलेली, आणि चेहऱ्याच्या जागी हळदकुंकवाचा थरावर थर बसून पुरणाचा गोळा झालेला. डोळे नाहीत, नाक नाही, हनुवटी कुठं सुरू होते तेही कळत नव्हतं.

आत्या वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "हिचं त्वांड कुटं हाय?"

"मावशे, देवीला असं म्हनत न्हाईत," मागून जेसीबीवाला म्हणाला.

"मी त्वांडच बगाय आले हाय." आणि आत्यानं पदराचं टोक ओलं करून पुसायला हात घातला.

जो गोंधळ उठला तो सांगत नाही. लायसनवाल्या पोरी किंचाळल्या, कुणीतरी "बाहेरची बाई विटाळ करते" असंही ओरडलं, सुभेदारांनी शिट्टी फुंकली. आत्या मधोमध उभी, हातात पदर. ती हलली नाही. "माज्या नवऱ्यानं घडवलीय ही," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तेवढ्यात आतून हातात पांढरे सुती मोजे घातलेला तिशीचा एक माणूस धावत आला. हा इथला क्युरेटर, चिन्मय, मूळचा पुण्याचा. त्यानं आम्हाला त्याच्या खोलीत नेलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मामांची ओतशाळा, फोटोतला डाग, तीन ठिपके. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला.

"काकू," तो मला म्हणाला, "मी वस्तुसंग्रहशास्त्र शिकलोय. इथं लागून दोन वर्षं झाली. ही मूर्ती मूळची नाही असा मला पहिल्यापासून संशय आहे, कारण ती दोन बोटं जास्त उंच आहे. पण मी आलो तेव्हाच तिच्यावर थर बसलेला होता. दोन वर्षांत मी माझ्याच संग्रहातल्या वस्तूचा चेहरा पाहिलेला नाही. शुक्रवारी तिला वरवर पाणी ओतून आंघोळ घालतात, तेव्हा मला बाहेर काढतात."

"का?"

"मी पुरुष आहे ना."

बोलताना त्याचा आवाज इतका पडला की आत्यानं पिशवीतलं एक डाळिंब काढून त्याला दिलं.

ठरलं असं की आत्यानं उद्याच्या आंघोळीत मदत करायची. चिन्मय कागदावर 'वैज्ञानिक स्वच्छता' असं लिहिणार, सुभेदारीणबाई तिला 'मोठी आंघोळ' म्हणणार, आणि दोघांनी एकमेकांना काही विचारायचं नाही. चिंचेचा गोळा बघून मात्र चिन्मय दचकला. "आजी, नको! आम्ल असतं त्यात."

"दादा, तुज्या आज्जीची समई कशानं घासायची रं?"

त्यानं पुढं केलेला हात मागं घेतला. "चिंचेनं," म्हणाला.

कोयनानगर, शुक्रवार सकाळ

रात्री कोयनानगरला एका लॉजवर उतरलो. धरणातला मासा आणि नाचणीची भाकरी असं उत्तम जेवलो. सकाळी चहा पिताना कपबशा किणकिणल्या, पलंग सरकला आणि आमचे हे टॉवेलावर रस्त्यात जाऊन उभे राहिले. लॉजवाला तिथंच दात घासत होता. त्यानं ह्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "बारका हुता. ह्याला आमी उठत न्हाई." ह्यांना पहिली काळजी गाडीची. मी अजून आतच होते, हे त्यांना चहा संपल्यावर आठवलं.

आत्या मात्र भूकंपाच्या त्या धक्क्यानं हललीही नाही. खिडकीशी बसून होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "सुमे, नसलेलंच बरं गं."

"काय?"

"माजं त्वांड. असलं तर मानसानं जलमभर खरं सांगितलं आन मी चारचौघांत त्येला खोटं पाडलं, असं व्हईल. आता कुनापाशी जाऊन सांगू?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.

पुन्हा संग्रहालय

आठला संग्रहालयाचं दार बंद करून आत फक्त बायका राहिल्या. सुभेदारीणबाई, त्यांच्या दोन शेजारणी, मी आणि आत्या. दोघींनी लुगड्याचा पडदा धरला. चिन्मयनं फार विनंती केली तेव्हा त्याला आत उभं राहायची परवानगी मिळाली, पण तोंड भिंतीकडे करून. हातात मोजे, वही आणि कॅमेरा घेऊन तो बिचारा राणीसाहेबांच्या गाडीकडे बघत उभा राहिला. बाहेर रांग लागली होती आणि आमचे हे रांगेतल्या लोकांना इंजिन कसं बसवायचं ते सांगत होते.

लुगडं, नथ काढली. कोमट पाणी ओतलं. पहिल्या तांब्याला लाल ओघळ निघाले, दुसऱ्याला पिवळे. थर सुटेना. आत्यानं पदर खोचला, चिंचेचा गोळा भिजवला आणि घासायला बसली. जन्मभर जशी भांडी घासली तशीच, जोर लावून, ओठ घट्ट मिटून. आधी केस मोकळे झाले, मग गाल, मग नाक.

नाक बघून मी आत्याकडे बघितलं. पण नाकं सारखी असू शकतात. 

तोंड दिसलं. ते उघडं होतं. विलायती बाई असं तोंड उघडून उडत नसणार, ही कुणाला तरी काहीतरी सुनावत होती. आत्याचा हात हळू झाला. हनुवटीवरचा थर तिनं अंगठ्यानं घासला. एक ठिपका. दुसरा. आणि जरा बाजूला सरकलेला तिसरा.

आत्या बघतच राहिली.

"भांडतानाची काडलीय मला," ती म्हणाली. "बग की सुमे, त्वांड उगडंच ठिवलंय मेल्यानं!" आणि ती इतकी हसली, आणि हसता हसता अशी रडायला लागली की पडदा धरणाऱ्या बायकांनी पडदाच सोडला. चिन्मयनंही नियम मोडून वळून बघितलं. त्यानं एकदा पितळेची हनुवटी बघितली, एकदा आत्याची, आणि मग वहीत लिहायच्याऐवजी मोज्यानं डोळे पुसले.

"आवं," आत्या मूर्तीच्या पायाशी बोट ठेवून, घरात मामांशी बोलावं तशी म्हणाली, "खरं बोलत हुता तुमी. मीच खोटं पाडलं चारचौघांत. चुकलं माजं."

शेजारणींनी आत्याच्या पायावर डोकं ठेवलं. आत्या "आगं आगं" करत मागं सरली. मग बायकांनी मूर्ती पुसून कोरडी केली, लुगडं नेसवलं, नथ घातली. सुभेदारीणबाईंनी हळदकुंकवाचं ताट उचललं आणि अगदी हळू, मायेनंच म्हणाल्या, "मावशी, आता तुमी जरा मागं व्हा. ह्येला सवाशीन लागती."

आत्या झाली मागं.  सवयीनं, आपोआप, दोन पावलं मागं सरून खांबाला टेकून उभी राहिली.

 मला संक्रांत आठवली. यंदाची, माझ्या घरची. आत्या आठ दिवस आमच्याकडे आली होती. मी शिक्षिका, महिलादिनाला शाळेत विधवांच्या मानावर भाषणं देणारी बाई, तीस वर्षं दिली. आणि माझ्याच हळदीकुंकवाला माझ्या आत्याला मी आतल्या खोलीत तिळाचे लाडू वळायला बसवलं. बाहेर बोलावलं नाही. "दमशील गं," असं म्हटलं होतं मी तिला. तेव्हाही ती अशीच सवयीनं आत गेली होती. दोन दिवस मी या लोकांना हसत होते. त्यांनी एका पितळेच्या बाईला देवी केलं, आणि मी हाडामांसाच्या बाईला लाडू वळायला बसवलं. लाज वाटली मला, खरंच लाज वाटली.

सुभेदारीणबाईंनी कुंकवाचं बोट मूर्तीच्या कपाळाला टेकवलं आणि त्या थबकल्या. बोट आत गेलं होतं. त्यांनी बोट काढून वाकून बघितलं. मीही वाकले. दोन भुवयांच्या मधे बोटाच्या टोकाएवढा एक गोल खळगा होता, कडा नीट तासून गुळगुळीत केलेला. आत खोल, जिथं चिंच पोचली नव्हती, तिथं जुनं कुंकू अजून लाल होतं. मामांनी कुंकवाची जागा पितळेतच करून ठेवली होती.

 मी सुभेदारीणबाईंच्या हातातलं ताट घेतलं आणि आत्यापुढं धरलं. 

"लोक काय म्हनत्याल, सुमे?"

"तू भर तो खळगा, आत्या. मी आहे."

आत्या पुढं आली. चिमटीत कुंकू घेऊन तिनं खळगा काठोकाठ भरला, कडेला सांडलेलं पदरानं टिपलं, आणि बोटाला राहिलेलं कुंकू पुसायला पदराचं टोक शोधू लागली.

बाहेरून सुभेदारांनी दार वाजवलं. "आवं, झालं का? लाइन पार रस्त्यापतूर ग्येली!"

"दम धरा जरा," सुभेदारीणबाई आतून ओरडल्या. त्यांनी माझ्या हातातल्या ताटात बोट बुडवलं, आणि आत्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आजून एकीचं ऱ्हायलंय."